इन्सुलिनच्या बाटलीवरचा 40 कुणासाठी छापलाय?

प्रति,
भारताचे औषध महानियंत्रक,
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना,
एफडीए भवन, कोटला रोड, नवी दिल्ली

प्रत : औषध तांत्रिक सल्लागार मंडळ, आणि इन्सुलिन बनवणाऱ्या कंपन्यांत जिथे कुठे लेबलचा मजकूर ठरत असेल तो विभाग

महोदय,

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर माझं मेडिकल आहे. बी. फार्म करून, लग्न होऊन इथे आले त्याला 19 वर्षं झाली. सकाळी नऊला शटर वर जातं आणि पहिल्या तासाभरात निदान तीन-चार गिऱ्हाइकं इन्सुलिनची असतात. कुणी रिकामी बाटली कॅरीबॅगमध्ये गुंडाळून आणतं, कुणी खोक्याचा फाडलेला तुकडा. बरेचजण नुसतं सांगतात, "ताई, ती तपकिरी बुचाची द्या, आणि सुया." नाव कुणी घेत नाही. घेतलं तरी ते कंपनीचं असतं आणि निम्मं चुकलेलं असतं. मला त्याचं काही वाटत नाही, तपकिरी बूच म्हणजे 30/70, लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण, हे आम्हा दोघांनाही माहीत असतं. माझी अडचण त्या 'आणि सुया'पाशी सुरू होते.

तुम्हाला हे नवीन नाही, पण पत्र खुलं आहे आणि वाचणारे सगळे आपल्या धंद्यातले नाहीत, म्हणून आधी थोडा हिशोब. आपल्याकडे बाटलीतलं साधं ह्यूमन इन्सुलिन बहुतेक 40 युनिटचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. इन्सुलिन टोचायच्या पेनात घालायची 3 मिलिची कार्ट्रिज, म्हणजे औषधाची नळी, मात्र 100 ची. काही इन्सुलिनच्या बाटल्याही 100 च्या येतात. म्हणून सिरिंजाही दोन. 40 च्या बाटलीला लाल टोपणाची आणि 100 च्या बाटलीला केशरी टोपणाची. हे रंग आमच्या सोयीने ठरलेले नाहीत, इन्सुलिन सिरिंजच्या आयएसओ 8537 या आंतरराष्ट्रीय मानकातलेच आहेत. जोडी जुळली की सिरिंजवरच्या 20 च्या खुणेपर्यंत ओढलेलं औषध म्हणजे खरोखर 20 युनिट. जोडी चुकली तर 40 ची बाटली आणि केशरी सिरिंज मिळून 20 च्या खुणेला फक्त 8 युनिट जातात. उलट चूक झाली, म्हणजे 100 चं औषध लाल सिरिंजने ओढलं, तर त्याच 20 चे 50 होतात. जीव जायला तेवढे पुरतात.

आता जे घडलं ते सांगते. त्यात माझ्या दुकानाचाही हात आहे, म्हणून तेही झाकत नाही.

एका आजींना गोळ्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन चालू केलं. सकाळी 20, संध्याकाळी 20. चिठ्ठीवर बाटलीचं नाव होतं आणि खाली नुसतं 'इन्सुलिन सिरिंज'. त्या आठवड्यात होलसेलरकडे लाल टोपणाच्या सिरिंजा संपल्या होत्या. मी घरी होते आणि काउंटरवर पोरगा होता. त्याने केशरी दिल्या. त्याच्या दृष्टीने त्याही इन्सुलिनच्याच सिरिंजा, आणि खरंच होत्या.

सूनबाई रोज न चुकता 20 च्या आकड्यापर्यंत ओढून टोचत राहिल्या. आजींना जात होते 8. तीन आठवड्यांनी तपासणीत उपाशीपोटी शुगर 260. डॉक्टरांना काय कळणार? त्यांनी डोस वाढवून 30 केला. आता 12 जाऊ लागले. महिन्याभरात सिरिंजा संपल्या, सूनबाई परत आल्या. तोवर लाल टोपणाचा माल आला होता, त्यामुळे या वेळी बरोबर सिरिंज मिळाली.

आजींवर वेळ आली ती या बरोबर सिरिंजमुळे. त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांच्या अंगात खरोखरचे 30 युनिट गेले, कालच्या अडीचपट. पहाटे तीनच्या सुमाराला घामाने चादर भिजली, आजी कुणाला ओळखेनात, काहीतरी असंबद्ध बोलायला लागल्या. मुलाने प्रसंगावधान राखून गालात साखर चोळली आणि रिक्षाने दवाखाना गाठला. सलाईनमधून ग्लुकोज गेल्यावर आजींनी पहिलं काय विचारलं, तर दूध तापवलं का. वाचल्या. आजही आहेत.

दोन दिवसांनी सूनबाई बाटली आणि दोन्ही सिरिंजा घेऊन दुकानात आल्या. भांडायला नव्हत्या आल्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "ताई, बाटली तीच, आकडा तोच, टोचणारी मीच. मग झालं काय?"

मी बाटली फिरवून लेबलवरचं '40 आययू/मिलि' दाखवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. बाई दहावी शिकलेल्या आहेत, घरात पेपर येतो, रोज वाचतात. म्हणाल्या, "हा 40 होय? मला वाटलं, बाटली चाळीस दिवस पुरते."

महोदय, यात न समजण्यासारखं काय आहे? 40 दिवस हा अंदाज त्या बाटलीवरच्या इतर कुठल्याही मजकुरापेक्षा जास्त कामाचा आहे.

हे लिहिताना तशीच एक बाटली समोर ठेवली आहे. 10 मिलिची, बोटाएवढी उंच. लेबल बाटलीभोवती गुंडाळलेलं, त्यामुळे एका वेळी निम्मंच दिसतं. नाव समोर धरलं तर उरलेलं पाठीमागे जातं. सगळं इंग्रजीत. ब्रँडचं नाव, मूळ औषधाचं नाव, घटकांची यादी, साठवण्याची सूचना, लायसन्स नंबर, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत, किंमत, कंपनीचा पत्ता, चिठ्ठीशिवाय विकू नये ही ताकीद. यातला एकेक मजकूर कुणासाठी आहे ते बघा. लायसन्स नंबर तुमच्या इन्स्पेक्टरसाठी, बॅच नंबर कंपनीला माल परत मागवता यावा म्हणून. चिठ्ठीची ताकीद मला. जी बाई सकाळी साडेसातला, एका बाजूला डबे भरत, सासूच्या पोटाची चिमूट धरून सुई टोचते, तिच्या कामाचा त्यात एकच आकडा आहे. तो आकडा कंपनीच्या पत्त्याच्या अक्षरांपेक्षा फार मोठा नाही.

खोक्यात माहितीचा कागद असतो हे मला माहीत आहे. तो उघडला की टेबलभर पसरतो आणि परत मूळच्या घडीत बसत नाही. त्यातली अक्षरं माझ्यासारख्या चाळिशीच्या चष्म्यालाही जड जातात, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांपैकी कितीजणांची नजर याच आजाराने अधू झालेली असते हे तुम्हाला मी सांगायला नको. खोकं आणि कागद दोन्ही पहिल्याच दिवशी केरात जातात. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या खणाशेजारी उरते ती फक्त बाटली, आणि गारव्याने ओलं होऊन कडा सुटलेलं तिचं लेबल. ज्यांच्याकडे फ्रिज नाही ते बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माठाजवळ ठेवतात. म्हणजे काही सांगायचं असेल तर ते बाटलीवरच सांगायला हवं.

आता भाषेबद्दल. आमच्या दुकानाला लागून कृषी सेवा केंद्र आहे. तिथून शेतकरी फवारणीचं औषध नेतो. त्या डब्यावर रंगीत चौकट असते, लाल, पिवळी, निळी किंवा हिरवी, विषाच्या तीव्रतेप्रमाणे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही लाल म्हणजे काय ते कळतं. आतल्या घडीच्या कागदावर मराठी असतं, कारण 1971 च्या कीटकनाशक नियमांनी इंग्रजी-हिंदीबरोबर जिथे माल विकला जातो तिथली भाषाही घालायला लावली आहे. लेबल असलं म्हणजे सगळं भागतं असं मी म्हणत नाही. यवतमाळला 2017 मध्ये फवारणी करताना माणसं दगावली, तेव्हा डब्यांवर रंग होतेच. पण बोंडअळीच्या औषधावर मराठी आणि सासूबाईंच्या औषधावर फक्त इंग्रजी, हे मला 19 वर्षांत कुणाला समजावून सांगता आलेलं नाही. मलाच ते समजलेलं नाही.

जागा नाही, हे उत्तर मी ऐकलं आहे. कंपन्यांचे एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, दुकानात येतात, त्यांच्याशी बोलून झालंय. ते हसून म्हणतात, मॅडम, नियमात असेल तर छापू. त्यांचं बरोबर आहे. नियमात असलं की छापलं जातं. 2018 मध्ये तुम्ही औषध नियमांतला लेबलचा नियम 96 बदलला आणि औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा दोन फॉन्ट मोठं छापायला लावलं. अक्षर केवढं असावं हे सरकार ठरवू शकतं, ते तेव्हा ठरलं. जनावरांच्या औषधावर पाळीव जनावराच्या डोक्याचं चित्र छापावं लागतं, तेही तुमच्याच नियमांत आहे. म्हणजे न वाचता कळावं म्हणून चित्र छापायची कल्पनाही नवी नाही, गाई-म्हशींच्या औषधांना ती केव्हाच लागू झाली. 1 ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड आला. तो स्कॅन केला की बॅच, तारखा, लायसन्स, उत्पादकाचा पत्ता सगळं निघतं. नकली माल ओळखायला चांगली सोय आहे, माझी तक्रार नाही. पण या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते की केशरी, ते त्यातूनही निघत नाही.

आणि सिरिंजसुद्धा तुमच्याच हाताखाली आहे. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे तिच्या लेबलचे नियम तुमच्याच संघटनेच्या कक्षेत येतात. बाटलीची फाईल आणि सिरिंजची फाईल एकाच इमारतीत असताना दोघींची गाठ पहिल्यांदा पडते ती माझ्या काउंटरवर, किंवा मी नसले तर माझ्या पोऱ्याच्या हातात. ज्या घरात ती पडते तिथे तर कुणालाच ठाऊक नसतं की गाठ जुळवायची असते.

माझी मागणी साधी आहे. बाटलीच्या दर्शनी बाजूला, ब्रँडच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत 40 किंवा 100 हा आकडा, देवनागरीतही. त्याखाली टोपण घातलेल्या सिरिंजचं छोटं चित्र, टोपण लाल किंवा केशरी छापलेलं, आणि चार शब्द : 'फक्त लाल टोपणाची सिरिंज'. सिरिंजच्या पाकिटावर याचंच उलट : 'फक्त 40 ची बाटली'. शक्य असेल तर एक पांढरी चौकट, बाटली उघडल्याची तारीख लिहायला. ही चौकट मला हवी आहे कारण बाटली उघडल्यावर साधारण चार आठवड्यांत संपवा असं बहुतेक कंपन्या सांगतात, काही सहा म्हणतात, पण दिवसाला 10 युनिट घेणाऱ्याची 400 युनिटची बाटली 40 दिवस चालते. पैसे घालून आणलेलं औषध कुणी टाकत नाही, आणि टाकायचं केव्हा ते कुठे लिहून ठेवायचं हाही प्रश्नच. मी डिंकपट्टी लावून बॉलपेनने तारीख लिहून देते. ओल्या हाताने ती दुसऱ्या दिवशी पुसते.

चित्राचा आग्रह का, ते सांगते, कारण एका ओळखीच्या डॉक्टरांनी मला विचारलं, सरळ लाल पट्टी का नको? नको, कारण बाटलीवर आधीच रंगांची एक भाषा चालू आहे. ह्यूमन इन्सुलिनमध्ये पिवळा म्हणजे साधं, हिरवा म्हणजे सावकाश काम करणारं गढूळ, तपकिरी म्हणजे 30/70. त्यात आणखी एक लाल पट्टा आला की माझं गिऱ्हाईक 'लाल इन्सुलिन' मागायला लागेल आणि गोंधळ दुप्पट होईल. रंग सिरिंजच्या चित्रातल्या टोपणावरच राहू द्या, म्हणजे तो कशाचा रंग आहे याबद्दल शंका उरत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं करण्यापेक्षा 40 बंदच करून टाकू, जगासारखं 100 करू. ब्रिटनमध्येही पूर्वी 20, 40, 80 अशा वेगवेगळ्या पॉवरची इन्सुलिनं होती, 1983 मध्ये त्यांनी सगळं 100 वर आणलं. एक दिवस आपल्यालाही ते करावं लागेल असं मलाही वाटतं. पण ते करताना दोन-तीन वर्षं दोन्ही बाटल्या आणि दोन्ही सिरिंजा एकाच कपाटात असतील. तो काळ आजच्यापेक्षा वाईट असेल. जुन्या सवयीने घरात उरलेल्या लाल सिरिंजा वापरल्या जातील आणि 20 चे 50 होतील. म्हणजे बदलायचं ठरवलं तर ते चित्र आधी हवं.

पेनामुळे प्रश्न आपोआप सुटेल असंही सांगितलं जातं. पेन घेणारे वाढलेत, खरं आहे. पण मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक आले. पेन फरशीवर पडून मोडलेलं, आत कार्ट्रिज जवळजवळ भरलेली. त्यांनी लाल टोपणाची एक सिरिंज मागितली. मी सहज विचारलं, बाटली चालू केली का? म्हणाले, "छे, कार्ट्रिजमधलंच ओढून घेतो, एवढं महागाचं वाया कशाला घालवायचं?" शिक्षकी हिशोब, त्यात चूक काढण्यासारखं काही नाही. त्यांचा डोस होता 24. लाल सिरिंजने 100 च्या कार्ट्रिजमधून 24 च्या खुणेपर्यंत ओढलं असतं तर 60 युनिट झाले असते. मी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा ते स्टुलावर बसले. "हे त्या नळीवर का लिहीत नाहीत?" त्यांनी विचारलं. लिहिलेलं असतं, सर. 100 असं लिहिलेलं असतं.

आम्ही फार्मासिस्टही धुतल्या तांदळासारखे नाही. इंग्लंडमध्ये औषधाच्या प्रत्येक डबीवर रुग्णाचं नाव आणि कसं घ्यायचं ते लेबल दुकानदार लावून देतो. आपल्याकडे आम्ही पाकिटावर 1-0-1 खरडतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. डॉक्टरही 'युनिट' हा शब्द पुरा न लिहिता नुसता इंग्रजी यू काढतात. घाईत तो शून्यासारखा दिसतो आणि 10 चे 100 वाटतात. आजींच्या बाबतीत चिठ्ठी अपुरी होती, पोरगा नवीन होता, मी जागेवर नव्हते. या तिन्ही चुका पुन्हा होणार आहेत, माझ्या दुकानात नाही तर दुसऱ्या कुणाच्या. सगळ्यांच्या हातून सुटलं तरी शेवटी हातात असते ती बाटली. तिने तरी बोलावं.

या प्रकाराची नोंद तुमच्याकडे नसेल. औषधाच्या दुष्परिणामांसाठी 1800-180-3024 हा टोल फ्री नंबर आहे, माझ्या भिंतीवर त्याचा कागदही आहे. पण आजींच्या वेळी डॉक्टरांनी कळवलं नाही, घरच्यांनी नाही, मीही नाही. औषध चांगलं होतं, मुदतीतलं होतं, थंड होतं. दुष्परिणाम कशाचा म्हणून कळवायचा? दवाखान्याच्या कागदावर 'शुगर लो' एवढंच आलं. असे कागद किती दवाखान्यांत पडून असतील याचा आकडा मी देऊ शकत नाही, पण तुम्ही मागवलात तर तुम्हाला तो काढता येईल.

सोबत दोन रिकाम्या बाटल्या पाठवते आहे, एक 40 ची, एक 100 ची. खोकी मुद्दाम पाठवलेली नाहीत. मंडळाच्या बैठकीत त्या टेबलावर ठेवाव्यात आणि ज्यांना वाचायला चष्मा लागतो त्यांनी तो काढून कुठली कोणती ते सांगावं, एवढी विनंती.

आपली,
एक फार्मासिस्ट

ता. क. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात स्टँडवरून एक गृहस्थ घाईघाईने आले. त्यांची एसटी लागली होती. आईसाठी 40 ची बाटली आणि दहा सुया हव्या होत्या. लाल टोपणाच्या आज पुन्हा संपल्यात. मी नाही म्हटल्यावर ते कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या केशरी आहेत की. त्याच द्या, सुई ती सुईच." त्यांना बाटली दिली, सुया दिल्या नाहीत. त्यांच्या गावातल्या मेडिकलवाल्याला फोन लावला. त्याच्याकडे लालच्या चार आहेत, बाजूला काढून ठेवतो म्हणालाय.